लामदुअनची सुई आणि थावीचं तळं

खाडीकाठच्या त्या गावात कुणाचा हात चांगला आहे म्हटलं की स्वयंपाकाचाच विषय निघायचा. लामदुअनच्या हाताचं मात्र वेगळं होतं. तिचा भात हटकून खाली लागायचा. तिची कालवणं नवऱ्यानं तो हयात असताना मुकाट्यानं गिळली, एवढंच त्यांचं कौतुक. पण जिवंत कोळंबी पाण्यातून उचलावी, अंगठ्यानं शेपटी दाबून धरावी आणि कवचाच्या दोन जोडांमधल्या मऊ जागी केसासारखी बारीक सुई घालून काढावी, तर ते लामदुअननंच. कोळंबीला कळायच्या आत ती पुन्हा पाण्यात गेलेली असायची.

खलुंगच्या किनाऱ्यावर विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र होतं. पत्र्याची लांबलचक शेड, तीत काचेच्या टाक्या, आणि दिवसरात्र बुडबुड्यांचा आवाज. नवरा गेल्यावर लामदुअन तिथे टाक्या घासायला लागली. पुढे एकदा कोळंब्यांना औषध टोचणारी मुलगी बाळंतपणाला गेली, आणि आचान विफादांनी, म्हणजे केंद्राच्या मुख्य बाईंनी, सुई लामदुअनच्या हाती दिली. ती तिच्याकडेच राहिली.

कोळंबीचे रोग तिला काही केंद्रात येऊन कळले नव्हते. ती शाळेत असताना तिच्या वडिलांनी घरामागची खारफुटी तोडून दोन तळी खणली. टायगर कोळंबीचे दिवस होते ते. ज्याच्या दारात सायकल नव्हती त्याच्या दारात पिकअप गाडी उभी राहिली. मग एका हंगामात वडिलांच्या तळ्यातली कोळंबी अधाशासारखी खायला लागली. टाकलेलं खाद्य बघता बघता फस्त. वडील खूश. म्हणाले, यंदा अंग धरलंय पोरांनी. कोळंबीला ते पोरं म्हणायचे. आणि एका सकाळी सगळ्यांनी खाणं सोडलं. बांधाच्या कडेला येऊन पाण्याच्या वरच्या थरात नुसती लोळत राहिली, डोकी पिवळी पडलेली. आठवडा संपायच्या आत तळ्यावर काही उरलं नाही, नुसता वास.

वडील खांबावरच्या घरदेवाच्या देवळीपुढे गुडघे टेकून बसले. उकडलेलं डुकराचं डोकं ठेवलं, लाल सरबताच्या बाटल्या ठेवल्या. खारफुटी तोडताना झाडांच्या मालकांना, म्हणजे तिथल्या अदृश्य मंडळींना विचारलं नव्हतं, ते भोवलं, अशी त्यांची समजूत. मरेपर्यंत ती गेली नाही. तळी तशीच पडून राहिली. धाकटा भाऊ थावी मोठा झाला आणि डोंगराकडच्या दुरियनच्या बागांत गाडी चालवायला जाऊ लागला.

म्हणून केंद्रातला तो पहिला प्रयोग लामदुअननं पाहिला, तेव्हा तिचं काय झालं असेल, ते समजण्यासारखं आहे.

दोन टाक्या शेजारी शेजारी होत्या. दोन्हींतल्या कोळंब्यांना रोग दिलेला. फरक एवढाच, की एका टाकीतल्यांना त्याआधी लामदुअननं आचानांचं ते पाण्यासारखं दिसणारं औषध टोचलं होतं. काही दिवसांनी ती सकाळी शेडमध्ये आली तर न टोचलेल्या टाकीत सगळ्या आडव्या. दुसऱ्या टाकीत मिशा हलवत, पाय झाडत, एकमेकींच्या अंगावरून चालत, जणू काही घडलंच नाही. लामदुअन काचेला नाक लावून बराच वेळ उभी राहिली.

"आचान, हे काय आहे नक्की? देवाचं पाणी आहे का?" तिनं विचारलं.

आचान हसल्या. त्या बँकॉकच्या, पण इथे राहून त्यांची भाषा सैलावली होती. "हे बघ, विषाणूला स्वतःला पाय नाहीत. पेशीच्या आत शिरला तरी पुढे उचलून न्यायला त्याला तिथला हमाल लागतो, मग तो पिवळ्या डोक्याचा असो की पांढऱ्या ठिपक्यांचा. तो हमाल घडवायचा हुकूम पेशीत एका चिठ्ठीवरून येतो. आपण काय करतो, त्या चिठ्ठीची दुहेरी नक्कल टोचतो. पेशीला वाटतं, काहीतरी बनावट शिरलंय. मग ती तसल्या सगळ्या चिठ्ठ्या फाडत सुटते, खरीसुद्धा. चिठ्ठी नाही, म्हणून हमाल नाही, म्हणून पाहुणा उंबऱ्यातच. जनुक असतं जागेवर, फक्त त्याला काही दिवस गप्प बसवायचं."

संध्याकाळी लामदुअन भावाकडे गेली, ती पायांनी नव्हे, उडतच. थावी आणि त्याची बायको नोंगयाव ओट्यावर जेवायला बसले होते. चामुआंगच्या आंबट पानांतलं मांस शिजवलेलं होतं. लामदुअननं ताट घ्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"जनुकाला गप्प बसवतात?" नोंगयावनं भुवया उंचावल्या. नवऱ्यासारखीच तीही लामदुअनला पी, म्हणजे ताई, म्हणायची. "मग पी, एक सुई घरी घेऊन या ना. तुमचे भाऊ झोपेत असे घोरतात, की कोंबड्यांना वाटतं गाडी आली."

"त्याच्यासाठी मोठी सुई लागेल," लामदुअन म्हणाली.

थावी हसला नाही. त्यानं हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे पी, रोगावर इलाज निघाला?"

"टाकीत तर निघाला," लामदुअन म्हणाली.

'टाकीत' हा शब्द तिनं उच्चारला होता. तो हवेतच विरला. थावीनं ऐकलं ते एवढंच, की इलाज निघाला, आणि तो आपल्या बहिणीच्या हातात आहे. ती पुढेही बोलत राहिली. देवळात, बाजारात, शेजारच्या लुंग खेमच्या, म्हणजे खेमकाकाच्या, बांधावर. कुणी नाव काढलं की मिशा हलवणाऱ्या कोळंब्यांचं वर्णन सुरू. लहानपणापासून तिच्याकडे सांगण्यासारखं असं कधी काही नव्हतं, आणि आता होतं.

पावसाळा सरला तशी थावीनं वडिलांची तळी उपसली. गाळ काढला, चुना मारला, पाण्यात हवा खेळवणाऱ्या चक्र्या बसवल्या. दुरियनच्या बागेतली नोकरी सोडली. आता टायगर कोळंबीचे दिवस राहिले नव्हते, सगळीकडे पांढरी कोळंबी. तीच त्यानं तळ्यात सोडली. पहिलं पीक उत्तम आलं. ते त्या पाण्याच्या नशिबानं आलं, त्यात औषधाचा काही संबंध नव्हता. तरी थावीनं टोपलीभर निवडक कोळंबी बहिणीच्या दारात आणून ठेवली आणि म्हणाला, "तुझा पायगुण, पी." तिनं नको म्हटलं नाही. दुसऱ्यांदा त्यानं दोन्ही तळी भरली.

वर्ष संपत आलं की तिथे उत्तरेचा वारा सुटतो. पोरं पतंग उडवतात, म्हातारे पेटीतून स्वेटर काढतात. पाणी गार पडतं, आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला हेच हवं असतं. त्या वर्षी वारा लवकर आला आणि मुक्कामालाच राहिला.

एका सकाळी लुंग खेम थावीच्या बांधावर आला. साठी उलटलेला, सदा पान चघळणारा, दुसऱ्याची टर उडवल्याशिवाय ज्याचा दिवस जात नसे असा माणूस. त्या दिवशी तोंडात पान नव्हतं.

"माझं तळं बसलं," तो म्हणाला. "ठिपके आलेत. मी माझं पाणी कोंडून धरलंय, थेंब सोडणार नाही. तूही बांधाच्या दाराची उघाडी बंद ठेव. खाडीचं पाणी घेऊ नकोस."

"लुंग, खेकडे आहेत, बगळे आहेत. त्यांना कुठली उघाडी?"

"तेच तर," लुंग खेम म्हणाला आणि बांधावर उकिडवा बसला.

थावी तडक केंद्रात आला. चिखलाच्या पायांनी शेडमध्ये शिरला. लामदुअन टाकीजवळ होती, आचान विफादा पलीकडे काहीतरी मोजत होत्या.

"पी, चल. सुई घे."

"कुठे?"

"तळ्यावर. अजून माझ्याकडे रोग आलेला नाही. आज टोचलं तर वाचतील. तूच सांगितलंस, आधी टोचलेलं पाहिजे."

लामदुअननं आचानांकडे पाहिलं. तिला त्या क्षणी पहिल्यांदा आपण गावभर काय सांगत फिरलो ते नीट ऐकू आलं.

"थावी," ती म्हणाली, "एकेकीला टोचावं लागतं रे. हातात धरून. तुझ्या तळ्यात लाखांनी आहेत."

"मी बसतो, नोंगयाव बसेल, सगळा गाव बसवतो."

"औषध तेवढं नाही," आचान मध्ये पडल्या. "फ्रीजमध्ये आहे ते काही शे कोळंब्यांपुरतं. ते बनवायलाच आम्हाला आठवडे लागतात."

"मग पाण्यात ओता."

"पाण्यात ते टिकत नाही. विरून जातं."

"मग खाद्यात घालून द्या! रोज मीच टाकतो ना खाद्य."

"तोच प्रयोग चाललाय," आचान म्हणाल्या. "जिवाणूंकडून बनवून घ्यायचं आणि खाद्याला चोळायचं. टाकीत निम्म्या वाचतात, कधी त्याहून कमी. तळ्यात कोण किती खाईल, त्यातलं पोटातून किती पुढे जाईल, काही भरवसा नाही. मी तुला ते औषध म्हणून दिलं तर ते खोटं होईल."

थावीनं शेडभर नजर फिरवली. टाक्या, नळ्या, पांढरे कोट. "मग तुम्ही हे करता कशाला?"

आचानांना राग आला नाही. "अजून येत नाही, म्हणून करतो," त्या हळूच म्हणाल्या.

शेवटी आचानांनीच मार्ग काढला, आणि तो काढला नसता तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे अनेकदा वाटलं. फ्रीजमधलं औषध पुढच्या प्रयोगासाठी होतं. तो प्रयोग टाकीऐवजी थावीच्या तळ्यात करायचा. पाण्यात जाळीचा पिंजरा लावायचा, टोचलेल्या कोळंब्या त्यात ठेवायच्या, काय होतं ते बघायचं. "पण एक अट," त्या म्हणाल्या. "तळ्यात रोग आलाच, तर पिंजऱ्यातल्याही मारायच्या. दिसायला धडधाकट असल्या तरी. अंगात विषाणू लपून राहू शकतो, आणि मग तो गावभर होईल. कबूल?"

"कबूल, कबूल," थावी म्हणाला. बुडत्याला काठीशी मतलब, ती कुणाची आहे ते तो विचारत नाही.

दुपारी बांधावर बैठक जमली. थावी पागाचं जाळं टाकून कोळंब्या काढत होता, नोंगयाव बादलीतून एकेक उचलून देत होती आणि लामदुअन टोचत होती. कोळंब्या अजून बोटाएवढ्याही नव्हत्या. बाजारात न्याव्यात तर कुणी विचारलं नसतं. थावी पाग झाडताना त्यातल्या त्यात मोठ्या निवडायचा, मग थांबून एखादी बारकीही घ्यायचा. "हिला पण," म्हणायचा. लामदुअनच्या बोटांना काटे लागून ती सुजली, डोळ्यांपुढे पाठीवरच्या रेषा नाचायला लागल्या. तरी ती थांबली नाही.

लुंग खेम पलीकडून बघत होता. "दर्यात खसखस," तो पुटपुटला. मग लाज वाटून आला आणि बादली धरायला बसला.

औषध संपलं तेव्हा ऊन कलत होतं. लामदुअननं शेवटची कोळंबी पिंजऱ्यात सोडली आणि कंबर सरळ करायला उभी राहिली. समोर तळं पसरलेलं. चक्र्या फिरत होत्या, पाण्यावर बारीक बारीक उड्या दिसत होत्या, या बांधापासून त्या बांधापर्यंत. एकेकीला ती वाचवू शकत होती. कुठलीही एक दाखवा, ती वाचवेल.

रोग आलाच. कशानं आला ते कळलं नाही, बगळ्यानं आणला की आधीपासूनच होता. खाद्य घालून बुडवलेली जाळी एका सकाळी थावीनं वर ओढली तर खाद्य तसंच. दुसऱ्या दिवशी कोळंब्या बांधाकडे आल्या, सुस्त, लालसर. त्यानं एकीचं कवच काढून उन्हात धरलं. खडूचे ठिपके दिल्यासारखं दिसत होतं. पुढे सगळं ठरल्यासारखं झालं. चक्र्या बंद केल्या, कारण हवा घ्यायला कुणी उरलं नाही. बगळ्यांना हाकलायला थावी दिवसभर पत्र्याचा डबा बडवत बांधावर फिरला.

आणि पिंजऱ्यात? पिंजऱ्यातल्या काही पहिल्या दोन दिवसांत गेल्या. त्यांना बहुधा आधीच लागण झालेली होती. मग मरण थांबलं. मेलेल्या, कुजलेल्या त्या तळ्याच्या मधोमध जाळीच्या चौकटीत कोळंब्या खात होत्या, कात टाकत होत्या, वाढत होत्या.

ते बघायला आजूबाजूचे तळेवाले आले. फळीवर ओणवे होऊन बघायचे, जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचे. थावीच्या चेहऱ्यावर आठवड्यानंतर रंग आला. तो सकाळ-संध्याकाळ हातानं खाद्य टाकायचा, पाण्यात एक छोटा पंप सोडायचा. "यांना मोठं करीन," तो म्हणायचा. "यांचीच पिल्लं घेईन. ही रोगाला पुरून उरलेली जात आहे."

"तसं नसतं रे," लामदुअन सांगायची. "औषधाचा जोर काही दिवसांचा. पिल्लांना तो मिळत नाही."

"तुला काय माहीत? तू फक्त टोचतेस."

ते खरंच होतं.

आचानांनी पिंजऱ्यातल्या काही कोळंब्या नेऊन तपासल्या. विषाणू होता. थोडा, पण होता. त्या स्वतः बांधावर आल्या, चपला हातात घेऊन चिखलातून. थावीला हात जोडून म्हणाल्या, "मला माफ करा. तळं धुवायला हवं. सगळं."

थावी फळीवर जाऊन उभा राहिला, पिंजरा आणि बाकी जग यांच्यामध्ये. "नाही."

"थावी, आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. मी हो म्हटलं, तेव्हा माझ्याकडे तळं होतं. आता एवढंच आहे."

आचान म्हणाल्या, "मी केंद्रातली माणसं पाठवते. तुम्हाला बघावं लागणार नाही."

"नको," लामदुअन म्हणाली. "मी करते."

ती फळीवर भावाजवळ गेली. लहानपणी याच बांधावर ती त्याला कडेवर घेऊन वडिलांना डबा द्यायला यायची. आता तो तिच्याहून हातभर उंच होता.

"पी, ही पोरं तू वाचवलीस ना गं?"

"वाचली नाहीत, थावी. आजारी दिसत नाहीत, एवढंच."

"एकेकीला हातात घेऊन टोचलंस. बोटं सुजली होती तुझी, मी बघितलंय."

"हो."

"मग मार आता," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तो खरंच दमला होता. तिला वाट देऊन तो घराकडे निघून गेला. मागे वळला नाही. नोंगयाव दारात उभी होती, तीही आत गेली.

लामदुअननं तोंडाला फडकं बांधलं आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवली. तळ्यात केंद्राची माणसं ओतत होती. पिंजऱ्यात तिनं स्वतः ओतली. कोळंब्यांनी जाळीवर उड्या मारल्या. पावसाचे टपोरे थेंब छपरावर पडावेत तसा आवाज झाला, आणि मग विरळ झाला. ती तिथेच उभी राहिली. एक कोळंबी बराच वेळ पाय हलवत होती. तीही थांबल्यावर लामदुअन बांधावर आली. आचानांनी तिला पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली, भिक्षूंना जेवण दिलं आणि ते पुण्य मेलेल्यांच्या नावे करायला वाटीत पाण्याची धार सोडली. टाकीत मेलेल्यांसाठी ती दर वर्षी हे करायची. या वेळी कुणासाठी म्हणून सांगावं ते तिला उमगेना. ती नुसतीच पाणी सोडत राहिली.

थावीनं तिला कधी बोल लावला नाही. त्यानं कडाकडा भांडण केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तो पुन्हा दुरियनच्या बागेत गाडीवर गेला. तळ्यांची उघाडी त्यानं मोकळी सोडली. भरतीचं पाणी येतं, ओहोटीला जातं, कडेनं खारफुटीची रोपं आपोआप उगवायला लागली आहेत. भेटला की तो अजूनही 'पी' म्हणूनच हाक मारतो, जेवलीस का विचारतो. तिच्या कामाबद्दल विचारत नाही.

केंद्रात काम चालूच आहे. बँकॉकच्या सभेत आचानांनी जाळीच्या पिंजऱ्याचे आकडे दाखवले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना त्यांनी लामदुअनसाठी मिठाईचा डबा आणला आणि टाळ्यांचं सांगितलं. सांगताना त्यांची नजर खाली होती. खाद्यातून औषध देण्याचे प्रयोग पुढे सरकतात, मागे येतात. कधी निम्म्या वाचतात, कधी थोड्या जास्त. लामदुअन टोचते. नवीन आलेल्या मुली तिचे हात बघून शिकतात.

परवा वसंतातल्या सणाला, वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी घालायचा रिवाज म्हणून, ती लुंग खेमकडे गेली होती. म्हातारा आता फार चालत नाही. त्यानं तिच्या हातावर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं आणि विचारलं, "काय गं दुअन, तुझ्या त्या काचेच्या टाक्यांतून काय बातमी?"

नोंगयाव शेजारीच बसली होती. तिनंही मान वर केली.

"काही नाही, लुंग," लामदुअन म्हणाली. "पाणी बदलतो रोज."